वही, कॅमेरा आणि एकटीने सात महिने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर 2024 ते मे 2025 या काळात मी थायलंड, लाओस, व्हिएतनाम आणि कंबोडिया हे चार देश एकटीने फिरले. पाठीवर एक सॅक, हातात स्केचबुक, गळ्यात कॅमेरा. परत आल्यापासून ओळखीचे आणि अनोळखी लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. व्हिसा आणि शुल्काचे नियम बदलत असतात. माझे आकडे माझ्या प्रवासाच्या वेळचे आहेत, तिकीट काढण्याआधी त्या-त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

सात महिन्यांत फक्त चार देश? तेवढ्यात वीस झाले असते.

झाले असते. पण मला चित्रं काढायची होती आणि चित्र बसल्याशिवाय होत नाही. एका जागी दोन तास बसलं की पहिल्या अर्ध्या तासात जे दिसतं ते पर्यटकाला दिसतं तेवढंच असतं. मग हळूहळू कळतं की समोरच्या दुकानाचं शटर दुपारी अर्धंच उघडं का असतं, भाजीवाली उन्हाबरोबर टोपली कशी सरकवते, देवळातल्या कुत्र्याची झोपायची पायरी कोणती. दुसऱ्या दिवशी त्याच जागी गेलात की लोक ओळखतात. तिसऱ्या दिवशी चहा येतो. लाओसमधल्या लुआंग प्रबांगमध्ये मी एकवीस दिवस राहिले, तेही थोडे वाटले. लांबचा प्रवास करायचा तर देशांची संख्या कमी आणि मुक्काम मोठे ठेवा, हे माझं ठाम मत आहे. पैसेही त्यातच वाचतात, कारण खर्च होतो तो मुख्यतः एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यात.

चित्र आधी की फोटो आधी?

माझा क्रम असा: पोचल्यावर थोडा वेळ काहीच नाही, नुसतं बघणं. मग संदर्भासाठी एकच फोटो, सावल्या कुठे पडल्यात ते टिपायला. मग चित्र. बाकीचे फोटो चित्र झाल्यावर.

यामागे कारण आहे. कॅमेरा आधी काढला की डोळे लगेच चौकट शोधायला लागतात, आणि दहा मिनिटांत पन्नास फोटो काढून आपण पुढे निघतो. चित्र काढून झाल्यावर कॅमेरा उचलला, तर कशाचा फोटो हवा हे नेमकं माहीत असतं. लुआंग प्रबांगचं वाट शिएंग थाँग हे 1559-60 च्या सुमारास बांधलेलं मंदिर आहे. त्याचं छप्पर एकावर एक अशा थरांनी इतकं खाली उतरतं की जवळजवळ जमिनीला टेकतं. पहिल्या दिवशी मी त्याचे फोटो काढले आणि ते सगळे पोस्टकार्डासारखे आले. चार दिवस चित्रं काढल्यावर लक्षात आलं की खरी गंमत छपराच्या खालच्या कडेशी आहे. तिथे सोनेरी नक्षी संपते आणि अंधार सुरू होतो, आणि त्या अंधारात भिक्षूंच्या चपला ओळीने ठेवलेल्या असतात. त्या चपलांचा फोटो हा माझा सगळ्या प्रवासातला आवडता फोटो आहे. पेन्सिल हातात नसती तर माझी नजर तिथवर गेलीच नसती.

सावल्यांबद्दल एक सांगते. उष्ण प्रदेशात ऊन भराभर फिरतं. पहिल्या दहा मिनिटांतच सावल्यांचे आकार फिकट निळसर करड्या रंगाने भरून टाका आणि नंतर त्यांना हात लावू नका. ऊन सरकलं म्हणून सावली दुरुस्त करत बसलं की चित्रात दोन सूर्य दिसायला लागतात.

मला चित्र काढता येत नाही. तरी वही न्यावी का?

जरूर न्या. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेली माणसंही मला म्हणतात, "आता हात गेला." हात जात नाही, सवय जाते. निघायच्या आधी तीन महिने रोज वीस मिनिटं काढा. आपल्या गावचं एसटी स्टँड यासाठी उत्तम जागा आहे. सावली असते, बसायला बाकडी असतात, माणसं ताटकळत असतात आणि तुमच्याकडे कोणी फार लक्ष देत नाही. रविवारी एकत्र बसून चित्रं काढणाऱ्यांचे गट मुंबईत आणि पुण्यात आहेत. गॅब्रिएल कॅम्पानारिओ या पत्रकार-चित्रकाराने 2007 मध्ये सुरू केलेल्या अर्बन स्केचर्स या जगभरच्या चळवळीच्या त्या शाखा. तिथे नवख्यांना सांभाळून घेतात. परक्या शहरातही त्याच नावाचा गट शोधा. एकट्या प्रवासात ओळखी व्हायला यापेक्षा सोपी वाट मला सापडली नाही.

माणसं तर हलतात. ती कशी काढायची?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो.

ज्यांचं काम पुन्हा पुन्हा तेच असतं, त्यांना काढा. हनोईत फूटपाथवर वीतभर उंचीची प्लॅस्टिकची स्टुलं मांडून फो विकतात. मी ज्या गल्लीत राहात होते तिथे कोपऱ्यावर एक बाई बसायच्या. शेवया गाळणीत बुडवायच्या, झटकायच्या, वाडग्यात घालायच्या, वर पातीचा कांदा पेरायच्या आणि डावलाभर उकळता रस्सा ओतायच्या. असं एका सकाळी शंभर वेळा तरी होत असेल. डाव उचलताना त्यांचा उजवा खांदा दर वेळी तसाच वर जायचा आणि वाफेपासून चेहरा तसाच डावीकडे वळायचा. म्हणून मी वहीच्या एकाच पानावर चार माणसं सुरू केली: एक शेवया झटकणारी, एक कांदा पेरणारी, एक ओतणारी, एक पैसे मोजणारी. त्या ज्या अवस्थेत येतील त्या चित्रात दोन रेघा घालायच्या, पुढची अवस्था आली की पुढच्या चित्रात. तासाभरात चारही पुरी झाली. विणकर, लोहार, न्हावी, नावाडी या सगळ्यांना असंच काढता येतं.

पान पुरं झाल्यावर मी त्यांना वही दाखवली. त्यांनी ओल्या हाताने बोट लावून डाव धरलेली बाई दाखवली आणि स्वतःचा खांदा चोळून दाखवला. खांदा दुखतो, हे त्यांनी मला असं सांगितलं. त्या पानावर अजून रश्श्याचा एक तेलकट ठिपका आहे.

घरच्यांना कसं पटवलं?

एका बैठकीत पटलं नाही, वर्ष गेलं. आई म्हणायची, "अगं, चार जणींबरोबर जा की." मी आधी दहा दिवस एकटी हंपीला जाऊन आले, मग तीन आठवडे श्रीलंकेला. दोन्ही वेळा रोज ठरलेल्या वेळी फोन केला आणि तो एकदाही चुकवला नाही. आईचा विश्वास माझ्या शब्दांवर नाही, त्या फोनवर बसला. या चारही देशांची घड्याळं आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहेत, त्यामुळे सीमा ओलांडली तरी फोनची वेळ बदलावी लागत नाही. माझी तिकडची साडेनऊ, आईचे आठ.

पैसे किती लागले? नोकरीचं काय केलं?

मी नाशिकला आर्किटेक्टच्या ऑफिसात चौदा वर्षं ड्राफ्टिंग करत होते. बिनपगारी रजा मागितली, मिळाली. सगळ्यांना मिळणार नाही हे मला माहीत आहे.

महिन्याला सरासरी सत्तर ते पंचाहत्तर हजार रुपये खर्च झाले, विमानाची तिकिटं आणि विमा वेगळा. त्यात साधी पण स्वतंत्र खोली, रोज बाहेरचं जेवण, बस-ट्रेन, व्हिसा, रंग-कागद सगळं आलं. हॉस्टेलच्या सामायिक खोलीत राहिलात तर बरंच कमी होईल. मी स्वतंत्र खोली घेत होते कारण ओली चित्रं वाळत घालायला जागा लागते.

थायलंडमध्ये परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढले की तिथली बँक दर वेळी दोनशेवीस बाथच्या आसपास शुल्क घेते, म्हणून थोडे थोडे न काढता एकदाच काढा. कंबोडियात डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात, पण डॉलरची नोट जराशी फाटलेली असली तरी घेत नाहीत. व्हिएतनाममध्ये वीस हजार डाँगची आणि पाच लाख डाँगची, दोन्ही नोटा निळ्या असतात. संध्याकाळच्या अंधारात देताना शून्यं मोजा.

व्हिसा?

मी गेले तेव्हाची स्थिती अशी होती. थायलंडने जुलै 2024 पासून भारतीयांना साठ दिवस व्हिसाशिवाय राहू दिलं. 1 मे 2025 पासून तिथे पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र ऑनलाइन भरावं लागतं. लाओसमध्ये पोचल्यावर तीस दिवसांचा व्हिसा मिळतो आणि तो वाढवता येतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट 2023 पासून नव्वद दिवसांचा झाला आहे, एकदा प्रवेशाचा 25 डॉलर आणि अनेकदा प्रवेशाचा 50 डॉलर. चित्रं काढणाऱ्यासाठी नव्वद दिवस म्हणजे वरदान आहे. कंबोडियाचा पर्यटक व्हिसा तीस दिवसांचा, तो एकदा महिनाभर वाढवून मिळतो.

पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक हवी. लांब फिरणार असाल तर नवा पासपोर्ट काढताना साठ पानांचा मागा. मुदत संपल्यावर एक दिवसही राहू नका. थायलंडमध्ये दर दिवसाला पाचशे बाथ दंड आहेच, पण पासपोर्टवरची नोंद पुढे प्रत्येक व्हिसाला आडवी येते.

कोणत्या महिन्यात निघावं?

नोव्हेंबरमध्ये निघालात तर थायलंड आणि लाओस उत्तम हवेत मिळतात. फेब्रुवारी संपत आला की उत्तर थायलंड आणि लाओसमध्ये शेतं नि रानं जाळण्याचा हंगाम सुरू होतो. मार्च-एप्रिलमध्ये डोंगर धुराने दिसेनासे होतात, घसा धरतो. त्या काळात तिकडे जाऊ नका. मध्य व्हिएतनाममधल्या होई आनला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर येतात. हनोईत हिवाळ्याच्या शेवटी इतकं दमट धुकं आणि भुरभुर पाऊस असतो की जलरंग तासभर वाळत नाही. तिथे मी रंगपेटी बंद केली आणि पंधरा दिवस फक्त शाईने काम केलं. राखाडी शहर, काळ्या तारांची जाळी, ओले रस्ते, शाईला साजेसंच सगळं. तिथे दो नावाचा हातकागद मिळतो, झाडाच्या सालीपासून केलेला. शाई त्यात जराशी पसरते आणि आपोआप धुकं तयार होतं.

सॅकमध्ये चित्रांचं सामान काय होतं?

फार थोडं.

ए-फाइव्ह आकाराची, तीनशे जीएसएमच्या जाड कागदाची शिवलेली वही, एका वेळी एकच. पुढची वही पुढच्या मोठ्या शहरात. ट्यूबमधले रंग निघायच्या आठवडाभर आधी छोट्या डब्यात भरून वाळवलेले, म्हणजे विमानात द्रवपदार्थांचा प्रश्न येत नाही आणि सॅकमध्ये ट्यूब फुटत नाही. बारा रंग होते. खरं तर आठ पुरले असते: दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि एक गडद हिरवा. एक गोल ब्रश, एक पाणी भरायचा ब्रश, पाण्याने न पसरणाऱ्या शाईचं पेन, दोन टूबी पेन्सिली, चार कपड्यांचे चिमटे, जुन्या सुती साडीचा तुकडा. शाईचं पेन विमानात निब वर करून ठेवा, नाहीतर टोपणात शाई उतरते.

घडीचं स्टूल नेलं होतं, ते हनोईत देऊन टाकलं. तिकडे बसायला सगळीकडे काहीतरी मिळतं.

कॅमेरा कोणता?

जो तुम्हाला न बघता हाताळता येतो तो. माझ्याकडे सहा वर्षं जुना मिररलेस आहे आणि पस्तीस मिलिमीटरची एकच लेन्स नेली होती. झूम नसल्यामुळे जवळ जावं लागतं, जवळ गेलं की बोलावं लागतं. दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, म्हणून झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा कोवळ्या उन्हात उघड्यावर ठेवा. जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक कायम हातातल्या बॅगेत, चेक-इन सामानात चालत नाहीत. पॉवर बँकेची मर्यादा साधारणपणे शंभर वॉट-अवर असते. वीस हजार एमएएचची बँक त्यात बसते.

ड्रोन नेऊ नका. कंबोडियातल्या अंगकोरच्या देवळांच्या परिसरात तर परवानगीशिवाय उडवताच येत नाही.

काम हरवलं तर? बॅकअप कसा ठेवला?

माझी तिसरी वही हरवली. होई आनहून न्हा चांगला जाणाऱ्या रात्रीच्या स्लीपर बसमध्ये चढताना दारात बूट काढून पिशवीत घालतात. मी एका हातात बूट, एका हातात सॅक घेऊन वरच्या बर्थवर गेले आणि वही उशीच्या फटीत ठेवली. पहाटे पाचला कंडक्टरने हाक मारली, झोपेत उतरले. बस गेली. त्या बस कंपनीच्या कचेरीत मी तीन वेळा गेले, फोनवर भाषांतर करून विनवण्या केल्या, वही सापडली नाही.

त्या वहीत सेहेचाळीस पानं भरली होती. एकतीस पानांचे फोटो माझ्याकडे होते, कारण तोवर मी रोज रात्री त्या दिवसाच्या पानांचे फोटो काढत होते. शेवटच्या आठवड्यात कंटाळा केला. ती पंधरा पानं गेली. होई आनची पिवळी भिंत, नदीकाठच्या मासेवाल्या, एका म्हाताऱ्या शिंप्याचे हात. ते हात मी नंतर आठवून काढायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. अजूनही त्याचं वाईट वाटतं.

म्हणून: रोज रात्री, झोपण्याआधी, दिव्याखाली, दर पानाचा सरळ वरून फोटो. वहीच्या पहिल्या पानावर ईमेल आणि "सापडल्यास कळवा" हे त्या देशाच्या भाषेत लिहून घ्या, खोलीच्या मालकिणीकडून. भरलेली वही पोस्टाने घरी पाठवा. फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या पिशव्यांत, आणि चांगला वायफाय मिळेल तिथे तिसरी क्लाउडवर.

लोकांचे फोटो काढताना परवानगी कशी मागता?

थाई भाषेत फोटो काढणे म्हणजे "थाय रूप" आणि चित्र काढणे म्हणजे "वाद रूप". हे रूप म्हणजे आपलंच रूप. ख्मेरमध्येही "थॉत रूप", आणि लाओमध्ये र चा ह होऊन "थाय हूप". बँकॉकला दुसऱ्याच दिवशी हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. "खॉ थाय रूप दाय माय, खा?" एवढं म्हटलं की बहुतेक लोक हसून मान हलवतात. बाईने बोलताना शेवटी "खा" लावायचं. नकार आला तर कॅमेरा खाली, पुन्हा विचारायचं नाही.

लुआंग प्रबांगला पहाटे भिक्षू ओळीने भिक्षेला निघतात. लोक रस्त्याच्या कडेला बसून त्यांच्या पात्रात चिकट भात घालतात. तो त्यांचा रोजचा धर्म आहे. तिथे फ्लॅश मारत भिक्षूंच्या तोंडापुढे उभे राहणारे पर्यटक बघून मला राग आला. आपल्या वारीत कोणी टाळ वाजवणाऱ्याच्या नाकाशी कॅमेरा धरला तर कसं वाटेल? रस्त्याच्या पलीकडे उभे राहा, गप्प राहा. मी तिथे फोटो काढलाच नाही. खोलीवर येऊन आठवणीने भगव्या रंगाची एक ओळ काढली.

बायकांनी भिक्षूंना स्पर्श करू नये, हातात थेट काही देऊ नये, अशी तिकडची रीत आहे. एका विहाराच्या ओट्यावर एक बाल-भिक्षू माझ्या मागे तासभर उभा राहून चित्र बघत होता. त्याला पेन्सिल हवी होती. मी ती माझ्यासमोर कापडावर ठेवली, मग त्याने उचलली आणि माझ्या वहीच्या कोपऱ्यात मांजर काढलं. तीन रेघांत. शेपूट तर अप्रतिम.

एकट्या बाईला भीती नाही वाटत?

या चार देशांत मला रात्री नवाच्या बाजारातून चालत परत येताना जेवढं निवांत वाटलं तेवढं आपल्याकडे फार थोड्या शहरांत वाटतं. तिकडे बाजार, खाणावळी, गेस्टहाउस बायकाच चालवतात, सगळीकडे बायका दिसतात, त्याचा फरक पडतो. तरी मी काही गोष्टी पाळल्या. नव्या गावात अंधार पडायच्या आत पोचायचं. पहिल्या दोन रात्रींची खोली आधी ठरवायची, पुढची प्रत्यक्ष बघून. चित्र काढायला बसताना पाठ भिंतीला. सायगाव (म्हणजे हो ची मिन्ह सिटी) आणि नॉम पेन्हमध्ये मोटरसायकलवरून येऊन फोन, पर्स हिसकावतात, म्हणून कॅमेरा रस्त्याकडच्या खांद्यावर नको आणि फूटपाथच्या कडेला उभं राहून फोन बघायचा नाही.

आजारी पडलात का?

एकदा, लाओसच्या राजधानीत व्हिएनतिआनला, पोट बिघडून तीन दिवस. गेस्टहाउसच्या मावशींनी तांदळाची पेज आणून दिली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला लाओ येत नव्हती, पेजेचा वास मात्र थेट आजोळचा होता. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, आणि चित्र काढताना आपण तासन् तास हलत नाही, त्यामुळे पायांना मलम आणि पायघोळ सुती पँट हवीच. कुत्रा किंवा माकड चावलं, ओरखडलं तर त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करा. विमा सगळ्या कालावधीचा घ्या. कॅमेऱ्यासारख्या वस्तूची भरपाई त्यात बहुधा फार तोकडी असते, ते आधी वाचून ठेवा.

स्कूटर भाड्याने घ्यावी का?

व्हिएतनाममध्ये आपलं आंतरराष्ट्रीय लायसन्स चालत नाही. भारताचा परवाना 1949 च्या जिनिव्हा करारानुसार असतो, व्हिएतनाम 1968 चा करार मानतो. भाड्याने गाडी कोणीही देतं, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. मी सायकल आणि ट्रेन वापरली. हनोई ते सायगाव रेल्वेमार्ग 1,726 किलोमीटरचा आहे. दक्षिणेकडे जात असाल तर हुए आणि दा नांगच्या मध्ये, हाय वान घाटात, डावीकडच्या खिडकीशी बसा. समुद्र त्या बाजूला आहे.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

शब्द पाठ असतील तर होत नाहीत. थाईत शाकाहाराला "मंगसविरत" म्हणतात, म्हणजे मांसविरत. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात "जे", म्हणजे शाकाहारी, लिहिलेलं दुकान दिसलं की बिनधास्त शिरा. व्हिएतनामीत "आन चाय", म्हणजे शाकाहारी खाणं. तिथे बरेच लोक अमावास्या-पौर्णिमेला शाकाहार करतात, त्या दिवशी ठिकठिकाणी चाय खाणं मिळतं. खरी अडचण माशाच्या सॉसची आहे, तो भाजीतही घालतात. तो नको हे वेगळं सांगावं लागतं. मी घरून मेतकूट आणि तिखट नेलं होतं. गरम भातावर मेतकूट बघून लाओसमधल्या पाकबेंगच्या खानावळवालीने चमचाभर मागून घेतलं.

एकटेपणा खायला उठत नाही का?

उठतो. साधारण सहाव्या आठवड्यात, आणि सणाला. संक्रांतीला मी लाओसमध्ये होते आणि कुणालाही तिळगूळ देता आला नाही, त्या दिवशी काहीच काढलं नाही. पण एप्रिलमध्ये कंबोडियात त्यांचं नवं वर्ष आलं, तेच जे थायलंडमध्ये सोंगक्रान, म्हणजे संक्रांतच, सूर्य मेषेत जाण्याची. शेजारच्या घरातल्या पोरांनी माझ्या डोक्यावर बादली ओतली आणि तोंडाला पावडर फासली.

एकटेपणावर दुसरा उपाय म्हणजे संथ बोट. थायलंडच्या सीमेवरच्या हुए साय गावातून लुआंग प्रबांगला मेकाँगवरून लाकडी बोट जाते, दोन दिवस लागतात, मध्ये रात्र पाकबेंगला. फोनला रेंज नाही. मी सोळा पानं काढली. बोटीतल्या एका आजीबाईंनी दोन दिवस माझ्याशेजारची जागा सोडली नाही, पान उलटायला वारा आला की त्याच कोपरा धरायच्या.

चित्रं विकून खर्च निघतो का?

पर्यटक व्हिसावर कमाईचं काम करायला परवानगी नाही, त्यामुळे त्या विचाराने निघू नका. दिली मात्र खूप. खोलीच्या मालकिणीला त्यांच्या घराचं चित्र दिलं की पुढचे सगळे दिवस नाश्त्याला आणखी एक केळं यायचं.

अंगकोर आणि "मी सन" ही देवळं आपल्याला, म्हणजे भारतीयांना, इतर पर्यटकांपेक्षा वेगळी वाटतात का?

फार वेगळी. मी सन हे मध्य व्हिएतनाममधल्या चाम राजांचं शिवक्षेत्र. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने भद्रेश्वराचं देऊळ बांधलं तिथून सुरुवात. विटांची देवळं, आणि विटांमध्ये चुना जवळजवळ दिसतच नाही. 1969 च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यांत त्यातलं सगळ्यात देखणं देऊळ कोसळलं. अलीकडच्या डागडुजीत आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची मंडळी होती, आणि 2020 मध्ये काम चालू असताना जमिनीतून एक अखंड दगडी शिवलिंग वर आलं. मी तिथे एका पडक्या भिंतीची फक्त तीन हात जागा काढली, विटांमधून उगवलेल्या गवतासह. बाजूला बॉम्बने पडलेला खड्डा होता, तो काढायला हात उचलला नाही.

अंगकोर वाटमध्ये पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचं शिल्प आहे, जवळपास एकोणपन्नास मीटर लांब. एका बाजूला ब्याण्णव असुर, दुसऱ्या बाजूला अठ्ठ्याऐंशी देव, वासुकी ताणून धरलेले, मध्ये विष्णू आणि खाली कूर्म. लहानपणी आजीने सांगितलेली गोष्ट परक्या देशात भिंतभर उभी बघून मी बराच वेळ नुसती चालत राहिले. तिथे सकाळी जा, पूर्वेचं ऊन खांबांमधून तिरपं येतं आणि उठाव दिसतो. सगळं काढायला जाऊ नका. मी एका असुराचा फक्त हात आणि सापाची पकड काढली, दोन सकाळी लागल्या.

तिकीट एका दिवसाचं 37 डॉलर, तीन दिवसांचं 62, सात दिवसांचं 72. सात दिवसांचं घ्या, ते महिनाभरात केव्हाही वापरता येतं.

येताना विमानतळावर कॅमेऱ्यावर कर लावतात का?

महागडा कॅमेरा किंवा लेन्स नेत असाल तर जाताना आपल्या विमानतळावरच्या कस्टममध्ये दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्या. त्यावर सीरियल नंबर लिहिलेला असतो. येताना तेच दाखवायचं. यासाठी तासभर आधी पोचा.

मी येत्या नोव्हेंबरला निघतेय, ताई. पहिलंच मोठं चित्र करायचं तर कुठे बसू?

अंगकोर वाट. बहुतेक देवळं पूर्वाभिमुख असतात, हे पश्चिमेला तोंड करून आहे. म्हणून पहाटे सगळे जातात तेव्हा सूर्य देवळाच्या मागून येतो आणि देऊळ नुसतं काळं दिसतं. फोटोला ठीक, चित्राला काहीच हाती लागत नाही. तुम्ही दुपारी तीनला जा. दगडी वाटेच्या डावीकडे जे तळं आहे त्याच्या काठाला झाडाखाली बसा. तोवर गर्दी ओसरलेली असते आणि ऊन समोरून शिखरांवर पडलेलं असतं. आधी पाण्याची आडवी रेघ घ्या, मग मधलं शिखर, मग बाजूची. दगडाला काळा लावू नका, बर्न्ट सिएनात निळा मिसळा. पाचच्या सुमाराला दगड मधासारखा होतो, त्यासाठी शिखरांच्या पश्चिम कडा कोऱ्या राखून ठेवा. साडेपाचला बंद होतं, रक्षक उठवायला येतात. दगड तोवर वाळलेला असतो, आभाळ मात्र ओलंच राहतं, तेव्हा वही मिटू नका, उघडीच हातात धरून बाहेर या.